अकरा अंगठ्यांचा नकाशा

"मी चोर नाही. एवढं आधी लिहून घ्या, मग खुर्ची द्या."

सकाळचे नऊ वाजले होते. दारात उभ्या असलेल्या बाई साठीच्या असतील. अंगाने काटक, मनगटं सुताराची आणि केसांत लाकडाचा भुसा. त्यांचा आवाज असा खणखणीत की भावोजींच्या बशीतला चहा हिंदकळला.

हा चहा त्यांचा नव्हता आणि ऑफिसही त्यांचं नव्हतं. दोन्ही ताईंचं. ताई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. शहरातली एकुलती एक खासगी तपासनीस बाई, आणि गावभर तिचं नाव 'भिंगबाई', जरी तिने जन्मात भिंग वापरलं नव्हतं. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून भावोजी घरात बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते शिकवू लागले होते. आठव्या दिवशी बायकोने हात जोडले. "ताईकडे जाऊन बसा. तिला सोबत होईल आणि मला सुटका." तेव्हापासून ते रोज इथे येत, अशीलांचे दात न्याहाळत आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

"बसा काकू," ताई म्हणाल्या. "चोर लोक इतक्या जोरात बोलत नाहीत. काय गेलं?"

"नकाशा. आज चार वाजता सुनावणीत तो दाखवला नाही, तर आमची शेड पाडणार."

काकू होड्या बांधत. शहराच्या टोकाला समुद्रकाठचं जे उपनगर आहे, तिथल्या बोटवाल्यांच्या वस्तीत त्यांची सहावी पिढी. पाण्याला लागून होड्यांची शेड, तिच्या माडीवर उपनगराच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलेली खोली. आता ती जागा एका हॉटेलवाल्याला हवी होती. कागद कोणाकडेच नव्हता. पण महिन्यापूर्वी छप्पर दुरुस्त करताना काकूंना आढ्यात एक पुडकं सापडलं. त्यात कापडावर काढलेला किनाऱ्याचा नकाशा होता. त्यावर शेड होती, उतार होता, आणि खाली त्या काळच्या जमीनमालकाची सही. 'ही जागा होडीवाल्यांची, पिढ्यान्‌पिढ्या.' सहीखाली अकरा घराण्यांचे अकरा अंगठे.

"सहावा अंगठा आमच्या घरातला," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "काल दुपारी गेला तो."

"कसा?"

"बारा वाजून दहा मिनिटांनी शेडमधला फोन वाजला. जुनाच फोन आहे, नंबर दिसत नाही. बाप्याचा आवाज, तोंडावर फडकं धरल्यासारखा. 'खडकापलीकडे होडी उलटलीय, दोघं पाण्यात आहेत.' मी भोंगा दाबला."

"आणि?"

"भोंगा वाजला की हातातलं तिथेच टाकून धावायचं, हा आमचा नियम. कुलूप लावत बसायचं नाही. माझ्या किल्ल्या खिळ्याला लटकत राहिल्या. चाळीस माणसं दोराला लागली, बचावाची होडी गेली, खडकाला वळसा घालून आली. कोणी उलटलं नव्हतं."

"मग पुन्हा चाळीस जणांनी होडी वर घेतली?"

"छे! वर घ्यायला मोटर बसवलीय. दहा वर्षं झाली. होडी आली आणि माणसं पांगली. तासाभराने मी वर गेले. नकाशा ठेवलेल्या काचपेटीला कुलूप जसंच्या तसं. उन्हाने रंग उडू नये म्हणून वर काळं फडकं टाकतो, तेही नीट, चारी टोकं खोचून टाकलेलं. फडकं उचललं, तर आत काही नाही. सगळी इमारत पालथी घातली."

"किल्ल्या?"

"खिळ्यालाच. आता हॉटेलवाल्याची माणसं म्हणताहेत, नकाशा खोटाच होता, अधिकाऱ्यांनी तपासायच्या आत म्हातारीनेच गायब केला." काकूंनी पदर खोचला. "बाई, शेड गेली तर कष्टाने दुसरी उभी करीन एखाद वेळेस. पण आमच्या अकरा घरांना खोटं म्हणतील, ते कुठे फेडू?"

ताईंनी उठून चपला घातल्या. "भावोजी, चहा संपवा. नाहीतर ठेवा तसाच."

त्यांनी तो तसाच ठेवला आणि दिवसभर त्याची हळहळ केली.

*

शेड म्हणजे नुसता लाकडाचा वास. दोन अर्धवट होड्या सांगाड्यावर होत्या, आणि दाराच्या तोंडाशी, समुद्राकडे नाक करून, लाल रंगाची बचावाची होडी. तिच्यापासून उतार सरळ पाण्यात जात होता. मागून एक जाड दोर निघून जमिनीतल्या खुंट्याला दोन वेढे घालून पडलेला. तोल सांभाळायला भावोजींनी होडीखालच्या एका लाकडी तुकड्यावर पाय ठेवला.

"अहो पाहुणे!" काकू ओरडल्या. "पाचर आहे ती! ती निघाली की होडी सुटली. तुमचे दात समुद्रातून वेचावे लागतील."

भावोजी इतक्या चपळाईने मागे सरले की ताईंना हसू आवरेना.

माडीवरची खोली लहान होती. मधोमध काचपेटी, दोन गजांच्या खिडक्या, एक लोखंडी कपाट, आणि भिंतीवर चार मोठे जुने फोटो. एकेक चौकट टेबलाएवढी. ताईंनी काचपेटी पाहिली, कुलूप पाहिलं. मग प्रत्येक फोटो भिंतीपासून जरासा पुढे ओढून त्याच्या मागे बोट फिरवलं.

"भावोजी, रुमाल."

त्यांनी आजच घडी मोडलेला पांढरा रुमाल दिला. दर फोटोनंतर बोट पुसून ताईंनी तो परत केला तेव्हा त्यावर तीन तपकिरी पट्टे उमटले होते.

"गंज," काकू ओशाळून म्हणाल्या. "इथल्या हवेत लोखंड आठवडाभरसुद्धा कोरं राहत नाही. कपाटाचं कुलूप दर महिन्याला बदलतो."

भावोजी मनात बायकोला काय सांगायचं ते जुळवत होते. समोरच्या फोटोत माणसांची लांब रांग दोराला लागलेली दिसत होती. सगळे छातीपर्यंत चिंब, चेहऱ्यांवर दमलेलं हसू. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'बचावाची नौका पाण्यात ओढून नेताना'.

"हे कोणी लिहिलं?" ताईंनी विचारलं.

"मास्तरांनी. इतिहासाचे मास्तर. रविवारी त्यांचं पुस्तक निघतंय. 'आपल्या उपनगराची शंभर वर्षं'."

"ही खोली कोणाकोणाच्या पायाखालची आहे? पेटीची किल्ली कुठली, ते कोणाला ठाऊक?"

काकूंनी तीन बोटं उभी केली. कप्तान, फोटोवाला आणि मास्तर.

*

कप्तानांनी तीस वर्षं फेरीबोट चालवली होती आणि आता ते रहिवासी मंडळाचे अध्यक्ष होते. हॉटेल झालं तर धक्क्याची व्यवस्था त्यांच्याकडे येणार, अशी कुजबुज होती. ते गच्चीतल्या आरामखुर्चीत बसले होते, आणि पाहुणे आले तरी उठले नाहीत.

"भोंगा वाजला तेव्हा कुठे होतात?"

"दोरावर. नेहमीप्रमाणे."

"दोरावर कुठे?"

कप्तानांनी समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "नव्हतो. लिहा, नव्हतो. गुडघा अडकला. न्हाणीघरात पंचवीस मिनिटं फरशीवर बसलो होतो. भोंगा वाजतोय, माणसं धावताहेत, आणि मी बादलीला धरून बसलोय! चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो. कोणाला बोलू नका, बाई. हॉटेलच्या नोकरीला मी केव्हाच नाही म्हणालोय, पण हे ऐकून लोक हसतील."

बाहेर पडताच भावोजींनी ताईंचा हात धरला. "हाच! आधी खोटं बोलला, साक्षीदार नाही, आणि खालचे दोन दात खोटे आहेत."

"दात खोटे असले म्हणून माणूस खोटा होत नाही, भावोजी. तुम्हीच बसवत होता ना?"

फोटोवाला आपल्या दुकानात डाव्या हाताने कात्री चालवत होता. उजव्या तळव्याला पट्टी होती.

"हे कालचं," तो वैतागून म्हणाला. "दोर हातातून सर्रकन गेला, सालच निघाली. खुंट्यापाशी मी पहिलाच असतो. हातमोजे घालायला वेळ कुठे?"

"वरचे फोटो तुमचे?"

"मास्तरांच्या घरचे. चौकटी माझ्या. आठ महिन्यांपूर्वी चारही एकाच दिवशी करून टांगल्या. प्रदर्शन संपलं की मास्तर घरी नेणार आहेत. बाई, उघडच बोलतो. हॉटेलवाल्याने मला फोटोंचं काम दिलंय. मी घेतलंय. पोट आहे. पण काकूंच्या नकाशाला हात लावीन, तर हा हात झडून जावो."

"तळहात सोलायला दुसरी शंभर कारणं असतात," रस्त्यावर आल्यावर भावोजी हळूच म्हणाले. "कप्तान नसेल, तर हा."

"आणि मास्तर?"

"मास्तर?" भावोजींना धक्काच बसला. "अहो, ते पुस्तक लिहितात!"

मास्तरांचा बंगला टेकडीवर होता. तिथून सगळा किनारा दिसे. त्यांनी अगत्याने सरबत दिलं आणि पुस्तकाची प्रतही. दर दोन वाक्यांनी ते "माझे पणजोबा" म्हणत. पणजोबा बरोबर शंभर वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा निव्वळ वाळू होती. पणजोबांनी बंगला बांधला, वस्ती वसवली, आणि मोठ्या मनाने होडीवाल्यांना किनाऱ्यावर बस्तान मांडू दिलं. भावोजी भारावून गेले.

"नकाशा तुम्ही तपासला होतात?" ताईंनी विचारलं.

"फार बारकाईने नाही. पुस्तक तेव्हा छापून झालं होतं. अस्सल असेलही, नसेलही. पण गेला, याचं फार वाईट वाटतं. जुनी वस्तू म्हणजे माझा जीव."

"काल भोंग्याच्या वेळी?"

"धावलो की! आता वय झालं, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. सगळ्यांबरोबर दोराला लागलो." त्यांनी खांदा चोळला. "ओढून ओढून खांदे भरून आले. होडी पाण्यात पोचवली तेव्हाच हात सोडले. रात्री मलम लावून घेतलं सूनबाईंकडून."

"कोणाच्या शेजारी होतात?"

"त्या गर्दीत चेहरे कोण बघतं, बाई?"

"तेही खरं," ताई म्हणाल्या. त्यांनी सरबत संपवलं, पुस्तक बगलेत मारलं, आणि टेकडी उतरताना चक्क गुणगुणू लागल्या.

भावोजींनी कपाळाला हात लावला. गुणगुणणं म्हणजे ताईंना उत्तर मिळालं होतं, आणि त्यांना स्वतःला मात्र अजून प्रश्नच धड कळला नव्हता.

*

चार वाजता माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जमीन खात्याच्या अधिकारी बाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर जाडजूड फाईल. एका बाजूला हॉटेलचा वकील, दुसऱ्या बाजूला काकू, ताठ उभ्या. जिन्यात आणि खाली उतारावर अख्खी वस्ती खोळंबली होती. कप्तानांना दोघांनी उचलून वर आणलं होतं.

"नकाशा नाही, म्हणजे पुरावा नाही," वकील म्हणाला. "प्रश्न मिटला."

"पाच मिनिटं द्या," ताई म्हणाल्या. "मास्तर, काल दोरावर काय केलंत, तेवढं सगळ्यांना सांगता?"

मास्तर घसा साफ करून उभे राहिले. "सांगण्यासारखं काय त्यात? सगळ्यांनी मिळून होडी ओढली. मीही ओढली. पाण्यात जाईपर्यंत."

जिन्यातून कोणीतरी फिसकन हसलं. फोटोवाल्याने मान वर केली. कप्तानांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"ओढली?" कप्तान म्हणाले. "मास्तर, उतारावरून खाली जाणारी होडी ओढतात?"

"म्हणजे..."

"पाचर काढली की ती स्वतःच्या वजनाने सुटते! दोर तिच्या मागे असतो. चाळीस माणसं लागतात ती तिला थोपवायला, हळूहळू सोडायला. नाहीतर ती खाली आपटून फुटेल. ओढायचं कोणी आणि कशाला?"

"आणि काल वर घेतली ती मोटरने," ताई म्हणाल्या. "म्हणजे काल दिवसभरात होडी कोणीच ओढली नाही. जो दोरावर होता, त्याचा तळहात सोलला, कारण दोर हातातून पुढे धावतो. खांदे भरून आले फक्त मास्तरांचे. टेकडीवरून बघणाऱ्याला दोराला लटकलेली माणसं दिसतात. ती ओढताहेत की थोपवताहेत, हे हातात दोर धरल्याशिवाय कळत नाही."

"जीभ घसरली असेल," मास्तर म्हणाले. "म्हणून काय मी चोर?"

"जीभ एकदा घसरते. तुमची लेखणीसुद्धा घसरली आहे." ताईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "खाली लिहिलंय, 'पाण्यात ओढून नेताना'. पुस्तकातही तेच आहे. पण ही माणसं छातीपर्यंत भिजलेली आहेत. पाण्यात अजून गेलीच नाहीत, तर भिजली कशी? हा फोटो होडी परत आणल्यावरचा आहे. मोटर नव्हती त्या काळातला. तेव्हा परतताना ओढत असत. मास्तरांनी शंभर वर्षांचा इतिहास लिहिला, पण त्यातला दोर एकदाही हातात धरला नाही. काल कुठे होतात असं विचारल्यावर त्यांनी हा फोटो आठवून उत्तर दिलं."

भावोजींनी फोटोकडे डोळे फाडून पाहिलं. सकाळी चिंब माणसं त्यांनाही दिसली होती की!

"ठीक आहे, ते दोरावर नव्हते," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण नकाशा कुठे आहे?"

"आता चोराचा स्वभाव बघा. त्याने काच फोडली नाही. किल्ली घेतली, पेटी उघडली, पुन्हा लावली, किल्ली जागेवर ठेवली. इतकंच नाही, रिकाम्या पेटीवर काळं फडकं चारी टोकं खोचून घातलं. जुन्या वस्तूला ऊन लागू नये, याची ज्याच्या हाताला सवयच जडली आहे, असा माणूस. असा माणूस जुना नकाशा जाळणार नाही, फाडणार नाही. लपवील. आणि हाताशी वेळ वीस-पंचवीस मिनिटं. टेकडीवर जाऊन यायला तेवढा पुरत नाही, आणि किनाऱ्यावर दोनशे डोळे. तेव्हा नकाशा याच खोलीत राहिला. भावोजी, तुमचा रुमाल."

भावोजींनी लाजत लाजत तो काढला.

"सकाळी मी चारही फोटोंच्या मागच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. प्रत्येक वेळी बोट पुसलं. डाग किती आहेत?"

"तीन," भावोजी म्हणाले, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "फोटो चार आणि डाग तीन! अहो ताई!"

"आठ महिन्यांपूर्वी एकाच दिवशी ठोकलेले खिळे. इथल्या हवेत सगळे गंजायला हवेत. एका चौकटीचे मात्र कोरे आहेत. ते कालच बदललेत. भोंग्याच्या आवाजात हातोडी कोणाला ऐकू येणार? लोक शोधत होते एक लांब गुंडाळी. कापडाची घडी चपटी बसते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि प्रदर्शन संपलं की हे फोटो मास्तरांच्याच घरी जाणार होते. फोटोवाले, तोच फोटो काढा. दोरवाला."

फोटोवाल्याने भावोजींच्या मदतीने चौकट उतरवली, पालथी केली, पक्कडीने खिळे उपटले. मागचा पुठ्ठा निघाला. आत मळक्या पिवळ्या कापडाची घडी होती.

काकूंनी ती उलगडली तेव्हा दुसरं टोक भावोजींनी धरलं. किनारा, उतार, शेड, सही. आणि खाली एका ओळीत अकरा अंगठे.

"तारीख वाचा, मास्तर," ताई म्हणाल्या. "तुमच्या पणजोबांच्या आधी तीस वर्षं."

मास्तर मटकन बसले. आता त्यांच्या आवाजात व्याख्यान उरलं नव्हतं. "वीस वर्षं लिहीत होतो मी ते पुस्तक. लहानपणापासून ऐकलं की हे सगळं आम्ही वसवलं. आणि महिन्यापूर्वी हे फडकं सापडलं. यात शेड आहे, अकरा घरं आहेत, आमचा मागमूसही नाही. वसवणारे हे, आणि आम्ही मागून आलेले पाहुणे! पुस्तक छापून झालेलं. लोक तोंडावर हसले असते. फोन मीच केला. सुनावणी होऊन गेल्यावर मी नकाशा परत देणारच होतो, देवाशपथ."

"सुनावणीनंतर?" काकू पुढे झाल्या. सकाळपासून कोंडलेलं सगळं त्यांच्या तोंडावर उमटलं होतं. "शेड पाडल्यावर? नकाशा मग काय मी भिंतीवर लावून बघत बसले असते? अहो मास्तर, त्या भोंग्याला खोटं वाजवलंत! त्याच वेळी खरंच कोणी बुडत असतं तर?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"पोलिसांचं पोलीस बघतील," काकू म्हणाल्या. "माझं एवढंच. पुस्तक पुन्हा लिहा. खरं लिहा. आणि लिहिण्याआधी खाली या. काय विचारायचं ते विचारा, आम्ही सांगू. शंभर वर्षांत कोणी विचारायला आलंच नाही."

अधिकारी बाईंनी सही पाहिली, अंगठे पाहिले, फाईलमधल्या जुन्या कागदांवरच्या सहीशी ताडून पाहिली. अर्धा तास गेला. वकील दोनदा बोलायला उठला आणि दोन्ही वेळा आपणहून बसला. भावोजींना वाटलं, दाढ उपटतानाही आपल्या रोग्यांनी एवढा श्वास रोखला नसेल.

शेवटी अधिकारी बाईंनी लेखणी उचलली. लिहून झाल्यावर उभ्या राहून वाचलं, "शेड, उतार आणि किनाऱ्याची ही पट्टी होडी बांधणाऱ्या व चालवणाऱ्या अकरा घराण्यांच्या वहिवाटीची असल्याचं सिद्ध झालं आहे. हॉटेलचा अर्ज फेटाळण्यात येत आहे."

खोलीतल्यांनी एकच गलका केला. कप्तान गुडघा विसरून उभे राहिले आणि विव्हळत पुन्हा बसले. फोटोवाला रडत होता आणि रडतानाही फोटो काढत होता. भावोजींनी कोणाला तरी मिठी मारली. नंतर कळलं, तो हॉटेलचा वकील होता.

काकू मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. "बाई," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "खाली उतारावर माझी सगळी माणसं उभी आहेत. त्यांना काही ऐकू गेलेलं नाही. पुन्हा वाचाल?"

"आदेशाची प्रत मिळेल तुम्हाला, उद्या."

"प्रत मिळेल हो. पण आम्हाला कोणी वाचून दाखवलेलं नाही कधी."

अधिकारी बाईंनी एकदा फाईलकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग कागद घेऊन त्या खिडकीशी गेल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सरकारी आदेश खिडकीतून वाचला नव्हता. त्यांनी दोन गजांमधून तोंड जमेल तेवढं पुढे काढलं आणि शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

खाली सगळ्या माना वर वळल्या. 'अकरा घराण्यांच्या' हे शब्द आले तेव्हा एका म्हातारीने ओरडून विचारलं, "किती म्हणालात?"

"अकरा!" अधिकारी बाई ओरडल्या.

आणि मग खालून जो आवाज उठला, त्यात पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. त्यांना ते तिसऱ्यांदा वाचावं लागलं.